काकांचा एसएल१०० वाला होममेड ट्रान्समीटर परत चालू करायचाय, जुने ट्रान्झिस्टर ठेवू की बदलू?

मिरजेचा_पक्या:

नमस्कार मंडळी. आमचे थोरले काका हॅम (हौशी रेडिओवाले) होते, सत्तरच्या दशकात त्यांनी स्वतः बनवलेला ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झच्या बँडचा) ट्रान्समीटर माळ्यावरून खाली काढलाय. ॲल्युमिनियमची पेटी, पुढे गँग कंडेन्सरचा (फ्रिक्वेन्सी बदलायचा) डायल, एक छोटं मिलिअँप मीटर, मोर्स कीचं जॅक आणि माइकचं जॅक. आत पीसीबी नाहीच, हायलमच्या शीटला भोकं पाडून पितळी आयलेट ठोकलेत आणि त्यावर सगळं सोल्डर केलंय. सर्किट वहीत होतं पण त्या पानाला कसर लागलीय, अर्ध्या व्हॅल्यू गायब.

मला जेवढं कळलं ते असं, व्हीएफओला (फ्रिक्वेन्सी तयार करणारा, बदलता येणारा ऑसिलेटर) बीएफ१९५ ट्रान्झिस्टर आहे आणि तो ३.५ मेगाहर्ट्झला चालतो, मग बीएफ१९४, तिथे डबल होऊन ७ होतं, मग एक एसएल१०० ड्रायव्हर आणि शेवटी दोन एसएल१०० पॅरलल, डोक्यावर ते चांदणीसारखे हीट सिंक. मॉड्युलेटर (आवाज रेडिओ लहरीवर चढवणारा भाग) वेगळ्या पट्टीवर आहे, बीसी१४९ आणि पुढे एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी, आणि ट्रान्झिस्टर रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा लावलाय असं वाटतंय.

प्रश्न बरेच आहेत. एक, सरळ १२ व्होल्ट देऊन बघू का? दोन, एसएल१०० काढून २एन३८६६ टाकले तर पॉवर वाढेल असं एकाने सांगितलं, खरंय का? तीन, फायनलच्या (शेवटच्या जोडीच्या) एमिटरला प्रत्येकी लाल-लाल-सोनेरी रेझिस्टर आहे, तो कशाला, काढला तर चालेल का? चार, मागे एक टॉगल स्विच आहे, सेलच्या डब्यातून दोन वायरी येतात, एक आठव्या सेलवरून आणि एक सहाव्या. म्हणजे स्विच एकीकडे केला की फायनलला १२ आणि दुसरीकडे केला की ९ व्होल्ट. माणसाने मुद्दाम पॉवर कमी करायची सोय का केली असेल ते काही डोक्यात शिरेना. आणि पाच, डायलवर खुणा फक्त ७.००० ते ७.१०० आहेत, पुढे काहीच नाही.

मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स केलंय पण आरएफमध्ये (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या कामात) कच्चा आहे, सांभाळून घ्या.

खरखर:

पक्या आधी एक काम कर, ती पेटी बॅटरीपासून लांब ठेव. सरळ १२ व्होल्ट अजिबात नाही. चाळीस-पन्नास वर्षं पडून असलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळून गेलेले असतात नाहीतर शॉर्ट तरी झालेले असतात, आणि सेलच्या डब्यात जुने सेल राहिले असतील तर त्यांनी ओकलेला क्षार तारेच्या आतून हिरवा होत होत पार सोल्डरपर्यंत गेलेला असतो. वायरचं इन्सुलेशन जरा मागे सरकवून बघ, तांबं काळं-हिरवं दिसलं तर ती वायरच बदल, त्यावर सोल्डर बसणार नाही कितीही घास.

करंट लिमिटवाली सप्लाय असेल तर उत्तम, नसेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये लाव, आत काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि ट्रान्झिस्टर वाचेल. आणि पहिल्यांदा फक्त व्हीएफओला सप्लाय दे, बाकी सगळं सोडव.

गँगकडे लक्ष दे. पाती एकमेकांना चिकटत नाहीत ना ते मीटर लावून पूर्ण फिरवून बघ, आणि रोटरला अर्थ देणारी ती छोटी स्प्रिंगची पट्टी असते ना, ती स्पिरिटने साफ कर. डायल फिरवताना फ्रिक्वेन्सी उडी मारते, नोट खरखरते, लोक ट्रान्झिस्टरवर संशय घेतात आणि दोष त्या पट्टीवरच्या मळाचा असतो.

डायलचं सोपंय. तेव्हा आपल्याकडे ४० मीटर म्हणजे ७.० ते ७.१ एवढंच होतं, त्याच्यावर ब्रॉडकास्ट स्टेशनांचा धुडगूस. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरलं आणि मार्च २००९ पासून ७.१ ते ७.२ हा भाग हॅमना मोकळा झाला. काकांनी पुढच्या खुणा करायचं कारणच नव्हतं.

आणि परवाना आहे ना तुझा? नसेल तर सगळं टेस्टिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), अँटेना नाही म्हणजे नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यात तर नुसतं यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागायचा. आता कायदा नवीन झाला तरी सिग्नल हवेत सोडायला परवाना लागतोच. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्सची परीक्षा नाही, सरकारच्या सरल संचार पोर्टलवरून अर्ज भर, काही अवघड नाहीये.

नवं_ते_सोनं:

एवढी कटकट कशाला करताय, पेटी आणि डायल ठेवा, आतला कचरा काढा, एसआय५३५१ चं (फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या चिपचं) मॉड्यूल आणि ते चालवायला एक आर्डुइनो नॅनो टाका, पुढे आयआरएफ५१० मॉसफेट, पाच वॉट मिळतील आणि फ्रिक्वेन्सी खिळ्याने ठोकल्यासारखी. जुन्या एसएल१०० मधून काय मिळणार आहे, दीड वॉट?

खरखर:

दीड वॉटात आम्ही पुण्याहून श्रीलंका केलंय हो. सीडब्ल्यूवर, म्हणजे मोर्सवर. पाच वॉटाचा सेट करायचा तर नवीन पेटीत करा ना, कोणी अडवलंय, बिटएक्स नावाचा घरी बनवायचा सेट आहे, हैदराबादच्या अशर फरहान यांनी सर्किट सगळ्यांना मोफत दिलंय, हजारोंनी बनवलंय. पण काकांची पेटी पोखरून त्यात आर्डुइनो बसवायचा म्हणजे मग राहिलं काय त्यांचं? डायल?

डीबीएम:

पक्या, २एन३८६६ चा सल्ला ज्याने दिला त्याने फक्त एफटी (सिग्नल वाढवायची ताकद, म्हणजे गेन, कुठल्या फ्रिक्वेन्सीला संपतो तो आकडा) बघितलाय. जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच.

एसएल१०० हा मुळात ऑडिओ आणि स्विचिंगचा ट्रान्झिस्टर, आरएफसाठी काढलेलाच नाही. आपल्याकडे मिळायचा आणि स्वस्त होता म्हणून लोकांनी तो ७ मेगाहर्ट्झला वापरला. त्याचा गेन वरच्या फ्रिक्वेन्सीला लवकर संपतो, आणि इथे तीच गोष्ट फायद्याची आहे. काकांचा लेआउट बघ, आयलेटवरून आयलेटवर वायरी गेल्यात, लांब पाय, अर्थसुद्धा एका जागी नाही. अशा बांधणीत २एन३८६६ सारखा ५०० मेगाहर्ट्झच्या वर चालणारा ट्रान्झिस्टर बसवलास तर त्या दोन इंचाच्या वायरीच त्याला कॉइल वाटतात आणि तो शंभर-दीडशे मेगाहर्ट्झला आपला आपण ऑसिलेट व्हायला लागतो. मीटरवर करंट वाढलेला दिसतो, माणूस खूश होतो की पॉवर वाढली, आणि शेजारच्या एफएम रेडिओत घरघर. शिवाय ट्रान्झिस्टरचा गेन फ्रिक्वेन्सी अर्धी झाली की साधारण ६ डीबीने वाढतो, म्हणजे खाली एक-दोन मेगाहर्ट्झलाही त्याला प्रचंड गेन, तिथे चोक (आरएफ अडवणारी कॉइल) आणि कपलिंग कंडेन्सर मिळून वेगळंच ऑसिलेशन. एसएल१०० ला यातलं बरंचसं जमतच नाही, त्यामुळे तो गप्प राहतो.

आता तुझा ९ व्होल्टचा स्विच. मला वाटतं काकांना नीट माहीत होतं ते काय करताहेत. हिशोब असा: क्लास सी मध्ये (ट्रान्झिस्टर थोडाच वेळ चालू असतो अशी पद्धत) कलेक्टरवरचा व्होल्टेज सप्लायच्या साधारण दुप्पट वर जातो. १२ वर सीडब्ल्यू करताना २४. पण फोन म्हणजे एएम करताना मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर सप्लायमध्येच ऑडिओ मिसळतो, १०० टक्के मॉड्युलेशनला पीकवर सप्लायच दुप्पट होतो, आणि कलेक्टर त्याच्याही दुप्पट. म्हणजे चौपट. १२ वर ४८ व्होल्ट. एसएल१०० चा व्हीसीईओ (कलेक्टर-एमिटरमध्ये सोसणारा जास्तीत जास्त व्होल्टेज) ५०. बरोब्बर कड्यावर, आणि अँटेना जरा मिसमॅच झाली की कड्याच्या खाली. ९ वर हाच आकडा ३६ होतो, मग निवांत. तेव्हा तो स्विच पॉवर कमी करायला नसून सीडब्ल्यू आणि फोनचा आहे असं माझं मत. त्या स्विचचा दुसरा पोल मॉड्युलेटरच्या सप्लायला गेलाय का बघ बरं.

आता २एन३८६६ बघ, व्हीसीईओ ३०. बेसला कमी ओहमचा रेझिस्टर असेल तर थोडं जास्त सोसतो, पण फोनवर त्याचा भरवसा धरू नकोस.

लाल-लाल-सोनेरी म्हणजे २.२ ओहम. काढू नकोस. दोन ट्रान्झिस्टर कधीच एकसारखे नसतात, ज्याचा गेन जास्त तो जास्त करंट ओढतो, त्याने गरम होतो, गरम झाला की अजून ओढतो, शेवटी एकटाच सगळं ओझं घेऊन मरतो आणि मग दुसरा. एमिटर रेझिस्टरमुळे वाटणी होते.

एक सूचना, एसएल१०० ची मेटल बॉडी कलेक्टरला जोडलेली असते, म्हणजे ते चांदणी हीट सिंक सप्लाय आणि आरएफ दोन्हीवर जिवंत असतात. पेटीला टेकले तर सप्लाय शॉर्ट, आणि चालू असताना बोट लावलंस तर छोटासा पांढरा डाग पडतो, आरएफचा चटका भरायला बराच वेळ घेतो.

मिरजेचा_पक्या:

डीबीएम दादा मानलं तुम्हाला. स्विचचा दुसरा पोल खरंच मॉड्युलेटरला जातोय! ९ च्या बाजूला मॉड्युलेटर चालू, १२ च्या बाजूला बंद आणि ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग शॉर्ट. मी ते बघितलंच नव्हतं कारण वायरी सगळ्या एकाच पिवळ्या रंगाच्या आहेत, कुठली कुठे जाते ते कळायलाच संध्याकाळ जाते.

परवाना अजून नाही, अर्ज भरलाय. डमी लोड कसा बनवू? आणि बीएफ१९५ मीटरवर कधी बरोबर दाखवतो कधी ओपन, हलवला की बदलतं.

तापकीर_गल्ली:

बीएफ१९४, १९५, बीसी१४७, १४८, १४९ हे सगळे ते चपटे पाय असलेले लॉकफिट पॅकेजवाले. त्यांचा हाच आजार, आतली तार सुटते, वरून काही दिसत नाही, बोटाने दाबलं की चालतो सोडलं की बंद. जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना विचार, ते मागे पेन्सिल घेऊन टकटक करत बसायचे ते यासाठीच. त्याला वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. बीएफ४९५ घे, गुण जवळपास तेच फक्त प्लास्टिकचं पॅकेज वेगळं. पण पायांचा क्रम बीसी५४७ सारखा नसतो, डेटाशीट बघूनच लाव, सवयीने लावशील तर बिघडलं म्हणून अजून एक आणशील.

पुण्यात तापकीर गल्लीत बीएफ४९४, ४९५ मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. जुनेच हवे असतील तर रविवारी जुन्या बाजारात मेलेले पॉकेट ट्रान्झिस्टर किलोवर घे, दहा रेडिओत मिळून वर्षभराचं सामान निघतं, पीव्हीसी गँग, आयएफटी, एसी१२८, फेराइट रॉड. ऑनलाइन जर्मेनियम घेताना मात्र जपून, नंबर पुसून नवीन छापलेले असतात. मीटर डायोड मोडला लाव, जर्मेनियमला ०.२ ते ०.३ दिसलं पाहिजे, ०.६ दिसलं की सिलिकॉन आहे, छपाई काही का असेना.

खरखर:

डमी लोड: १ किलोओहम १ वॉटचे कार्बन फिल्म रेझिस्टर वीस, सगळे पॅरलल, दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये शिडीसारखे लाव. ५० ओहम आणि २० वॉट. वायरवाउंड घेऊ नकोस, तो रेझिस्टर कमी आणि कॉइल जास्त. त्याच्यावर एक ओए७९ किंवा १एन३४ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावलास की झाला आरएफ प्रोब, मल्टीमीटरवर पीक व्होल्टेज येतो. व्होल्टचा वर्ग भागिले १०० म्हणजे वॉट. १० व्होल्ट आला तर १ वॉट, १४ आला तर साधारण २.

व्हीएफओतले ते पारदर्शक चंदेरी दिसणारे पॉलिस्टायरिन कंडेन्सर काढू नकोस हं. नवी पोरं ते जुनाट म्हणून काढतात आणि तपकिरी सिरॅमिक डिस्क लावतात, मग व्हीएफओ सकाळी एकीकडे आणि दुपारी भलतीकडे. गरम झालं की कॉइलची व्हॅल्यू वाढते आणि पॉलिस्टायरिनची कमी होते, दोन्ही एकमेकांना सावरतात. फक्त सोल्डरिंग करताना पाय चिमट्याने धर, उष्णता आत गेली की प्लास्टिक वितळतं.

वऱ्हाडी_अँटेना:

मधातच घुसतो, माफी असावी. माझ्याकडे जुना शॉर्टवेव्ह रेडिओ आहे बाप्पा, त्यात एएफ११७ आहेत चार पायांचे, चालता चालता मुके झाले. हे पण लॉकफिटवानीच आहे का?

डीबीएम:

नाही, तो वेगळाच रोग आहे. एएफ११५, ११६, ११७ च्या डबीला आतून कथलाचा मुलामा असतो, त्यातून वर्षानुवर्षं केसासारखे कथलाचे तंतू वाढतात आणि आतल्या एखाद्या पायाला टेकतात. चौथा पाय म्हणजे शील्ड, तो डबीला जोडलेला आणि बाहेर अर्थला. तो पाय कापून टाका, डबी अधांतरी राहते, बहुतेक वेळा रेडिओ बोलायला लागतो. एकापेक्षा जास्त पाय चिकटले असतील तर मात्र बदलावाच लागेल. काही जण चार्ज केलेला कंडेन्सर लावून तंतू जाळतात, चालतं, पण परत वाढतो.

मिरजेचा_पक्या:

अपडेट देतो. बीएफ४९५ लावला, व्हीएफओ चालू झाला, शेजारच्या खोलीत रिसीव्हरवर ३.५ लाही ऐकू येतोय आणि ७ लाही. खराब झालेले इलेक्ट्रोलिटिक सगळे बदलले, डिस्क आणि पॉलिस्टायरिन जसेच्या तसे. ड्रायव्हरचा एसएल१०० चांगला होता, फायनलमधला एक मेलेला निघाला, दुसरा काकांच्याच डब्यात सापडला. १२ व्होल्टवर की दाबली तर डमी लोडवर साडेबारा व्होल्ट, म्हणजे दीड वॉट, करंट पाव अँपिअर.

आता अडचण अशी की की दाबली की नोट "टिऊ टिऊ" वाजते, सरळ बीप येत नाही. झेनर (व्हीएफओचा सप्लाय स्थिर ठेवणारा डायोड) बदलून बघितला, ९.१ चा होता तोच नवीन लावला, फरक शून्य.

खरखर:

चर्प म्हणतात त्याला. तुमच्या सर्किटमध्ये व्हीएफओ अर्ध्या फ्रिक्वेन्सीला ठेवलाय तो यासाठीच की फायनलने त्याला ओढू नये, तरी ओढतोय म्हणजे एकतर की दाबल्यावर व्हीएफओचा सप्लाय दबतोय नाहीतर आरएफ परत आत शिरतोय. झेनरवर मीटर लावून की दाब, व्होल्टेज जागेवर राहिला तर दुसरं कारण. मग व्हीएफओच्या कप्प्याची पत्र्याची भिंत बघ, रिव्हेटने ठोकलेली असेल तर ॲल्युमिनियमला ऑक्साइड धरून अर्थ गेलेला असतो. डोळ्याला घट्ट दिसतो, मीटरला दिसत नाही.

डीबीएम:

+१. आणि चर्प गेला की अँटेनाच्या आधी लो पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लाव, पण पेटीच्या बाहेर, वेगळ्या डबीत. काकांच्या वेळी एकच टँक सर्किट (कॉइल आणि कंडेन्सरची जोडी) असायचं, १४ आणि २१ मेगाहर्ट्झला बराच कचरा जातो त्यातून. ४० मीटरला कंडेन्सर २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड आणि मधल्या तीन कॉइल टी५०-२ टोरॉइडवर १७, १९, १७ वेढे. कंडेन्सर सिल्व्हर मायका किंवा एनपीओ (उष्णतेने न बदलणारा सिरॅमिक), साधी डिस्क नको. एकदा टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर) वर बघून घे, कोणाकडे तरी असेलच.

नवं_ते_सोनं:

बरं एसएल१०० परत मेले तर? स्टॉक कधीतरी संपणारच ना. तेव्हा तरी काहीतरी नवीन लावाल की नाही?

डीबीएम:

रास्त प्रश्न. बीडी१३९ लावेन. व्हीसीईओ ८० आहे म्हणजे फोनवरही भीती नाही, आणि गल्लोगल्ली मिळतो. एफटी एसएल१०० पेक्षा जास्त आहे म्हणून बेसच्या पायात एक फेराइट मणी आणि १० ओहम टाकेन, पाय तोकडे ठेवेन. पायांचा क्रम वेगळा, आणि त्याच्या धातूच्या पट्टीवरही कलेक्टरच असतो, तेव्हा अभ्रक लावल्याशिवाय पेटीला आवळायचा नाही. आणि काढलेले एसएल१०० एका पाकिटात घालून पेटीतच चिकटवून ठेवायचे.

मिरजेचा_पक्या:

खरखर काका रिव्हेटच होता! झेनर ठाम ९.१ वर, हलत नव्हता. पत्रा आणि पेटीमध्ये मीटर लावला तर कधी ० कधी ४० ओहम. ॲल्युमिनियमला सोल्डर बसेना म्हणून दोन्हीकडे भोकं पाडून स्क्रू आणि टॅग टाकले, मध्ये कोॲक्सची जाळी सोल्डर केली. चर्प गेला जवळपास, अगदी कान देऊन ऐकलं तर सुरुवातीला किंचित येतो.

आता मॉड्युलेटर. एसी१२८ पैकी एक पार लीक आहे, माइक न लावताच तापतो. जोडी मॅच असावी लागते म्हणतात, माझ्याकडे सुटा एकच आहे.

तापकीर_गल्ली:

सुटा लावू नकोस, एक तापेल आणि आवाज फाटेल. माझ्याकडे एका जुन्या रेडिओतून काढलेली जोडी आहे, हीट सिंकच्या पट्टीसकट, पूर्वीपासून एकत्रच चाललेली. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवतो. पट्टी पेटीला घट्ट बसव आणि बायसवाला थर्मिस्टर त्या पट्टीला चिकटवून ठेव, जर्मेनियमला उन्हाळा झेपत नाही आणि मिरजेचा तर नाहीच नाही.